गुरुवारचे शाफ्ट

सातव्या मुलाखतीला गेले तेव्हा माझ्यात उत्साह असा काही शिल्लकच नव्हता. आधीच्या सहाही ठिकाणी मला विचारलं होतं की पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता. पहिल्या ठिकाणी मी लांबलचक उत्तर दिलं, दुसऱ्या ठिकाणी मध्यम, आणि सहाव्या ठिकाणी तोंडातून निघून गेलं की आधी या खुर्चीतून उठू द्या, मग बघते. तिथून पुढे काही कळलं नाही हे सांगायला नकोच. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला सहा महिन्यांची इंटर्नशिप सक्तीची असते. ती नाही, तर वर्ष गेलं. वर्गातल्या निम्म्या मुलांना काका-मामांच्या ओळखीने जागा मिळाल्या होत्या. माझा मामा शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळे त्या बाजूने आनंदच होता.

सातवी जागा म्हणजे पंपांचे शाफ्ट करणारा कारखाना. शाफ्ट म्हणजे पंपाच्या पोटात फिरतो तो लोखंडी दांडा. मुलाखत घेणाऱ्या प्रॉडक्शनच्या मॅडम होत्या, पन्नाशीच्या आसपासच्या. आवाज अडवायला कानात घालतात ते बोळे गळ्यात दोरीने लोंबत होते. माझी फाइल त्यांनी उघडलीसुद्धा नाही. टेबलावर एक शाफ्ट ठेवला, शेजारी मायक्रोमीटर ठेवला आणि म्हणाल्या, वाचा.

मायक्रोमीटर म्हणजे पकडीसारखं माप. दांडा जबड्यात धरायचा, टोक फिरवत आणायचं आणि आकडा वाचायचा. त्यात एकच मेख असते. पूर्ण मिलिमीटरच्या रेघा वरच्या बाजूला, अर्ध्याच्या खालच्या बाजूला, आणि त्या केसासारख्या बारीक. खालची रेघ दिसली नाही की अर्धा मिलिमीटर गळतो, पस्तीस पॉइंट सत्तरचं पस्तीस पॉइंट वीस होतं. पहिल्या वर्षाला सगळे ही चूक करतात, सरांच्या शिव्या खातात आणि पुन्हा कधी करत नाहीत. मी वाचलं, पस्तीस सत्तर. मॅडमनी दुसरा दांडा दिला, मग तिसरा. नऊ दांडे झाल्यावर म्हणाल्या, सोमवारपासून या. पाच वर्षांनी मी कुठे असेन याची त्यांना काही पडलेली नव्हती. मला बाई तिथेच आवडली.

पहिले तीन आठवडे मी काय केलं म्हणाल, तर उभी राहिले. सकाळी सातपासून साडेतीनपर्यंत उभी. कारखान्याचे बूट पुरुषांच्या मापाचे, म्हणून आत दोन-दोन मोजे. लोखंडाचा चुरा केसांत जायचा, कानात जायचा, डब्यातसुद्धा जायचा. घरी येऊन पलंगावर बसले की पाय माझे आहेत की कुणाचे उसने आणलेत हेच कळायचं नाही. आई माझे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची आणि बादलीशीच बोलायची, की एवढं शिकवलं ते काय काळं पाणी काढायला. बाबा शेजाऱ्यांना सांगत फिरत होते की पोरगी डिझाइनमध्ये आहे. मी म्हटलं, बाबा, मी झाडू मारते हो. तर म्हणाले, कारखान्याचा झाडू ना, मग डिझाइनमध्येच धर.

चौथ्या आठवड्यात मॅडमनी मला काम दिलं. कॉलेजला दाखवायचा प्रोजेक्टही तोच. चार महिन्यांपासून महिन्याला तीन-चार लॉट जाड निघत होते. लेथवर कातून शाफ्ट पस्तीस वीस व्हायला हवा, मग ग्राइंडिंगचं दगडी चाक त्याची शेवटची पातळ साल काढतं. हे लॉट निघत होते पस्तीस सत्तर. दरवेळी अर्धा मिलिमीटर जास्त. दुसऱ्या पाळीचा ग्राइंडरवाला त्यांना लाल चिठ्ठी लावून परत पाठवायचा. अर्ध्याची चूक म्हटल्यावर कुणीही म्हणेल की माप वाचायला चुकलं. पण तसं म्हणायची सोय नव्हती, कारण मोजणारे होते मास्तर. सगळ्यांचा कयास असा की मशीन जुनं झालंय, त्याचा स्टॉप, म्हणजे टूलला ठरल्या जागी अडवणारा खुंटा, सरकत असणार. मॅडम म्हणाल्या, कारण शोधा आणि लेखी द्या, त्याशिवाय मी इंटर्नशिप पूर्ततेच्या पत्रावर सही करणार नाही. आणि वर म्हणाल्या, "मशीन असेल तर मशीन बदलू. माणूस असेल तर माणूस."

मास्तर म्हणजे चार नंबरच्या लेथवरचे कातारी. शिकवण्याची हौस म्हणून सगळे मास्तर म्हणायचे. मॅडमसुद्धा त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. निवृत्तीला चौदा महिने उरले होते, आणि ते रोज कुणाला ना कुणाला ऐकवायचे की चौदा महिन्यांनी या मशीनचा खटका मी स्वतः बंद करणार, त्याच्या आधी मला इथून उठवणारा अजून जन्माला यायचाय. आवाजावरून सांगायचे की टूल बोथट झालंय. शाफ्टवरून नुसता अंगठा फिरवून सांगायचे की इथे खरखर राहिलीय. मला पहिल्याच दिवशी विचारलं, कुठून आलीस. मी म्हटलं, कॉलेजातून. तेव्हापासून माझं नाव पडलं कॉलेज.

"ए कॉलेज, इकडे ये. पहिला पीस वाच. हात बसेल तुझा."

पहिल्या पीसचं महत्त्व असं की लॉटमधला पहिला शाफ्ट मापात बसला की मशीनचा स्टॉप तिथे घट्ट करायचा, आणि बाकीचे पन्नास-साठ त्या स्टॉपवर आपोआप तेवढेच निघतात. पहिला चुकला की अख्खा लॉट चुकला. म्हणून त्याचं कार्ड असायचं. त्यावर कातारी आपला शिक्का मारणार आणि दुसरं कुणीतरी स्वतः मोजून सही करणार, असा नियम. चार नंबरवर मात्र रीत वेगळी होती. मास्तरांनी मोजलं म्हणजे मोजलं. दुसरी सही जो जवळून जात असेल तो न बघता ठोकायचा. मास्तरांवर माप लावणं म्हणजे घरच्या वडीलधाऱ्यांना पुरावा मागितल्यासारखं. मी आल्यापासून मात्र मास्तर प्रत्येक पहिला पीस मला वाचायला लावायचे. मी आकडा म्हणायचे, ते तो पुन्हा म्हणायचे आणि कार्डावर शिक्का मारायचे. मला वाटायचं, काय माणूस आहे, पोरीला शिकवायला एवढा वेळ काढतोय. घरी जाऊन मी आईबाबांना हे कौतुकाने सांगत असे.

प्रोजेक्टच्या नावाने मी स्टॉपवर बारीकशी हालचालही दाखवणारी डायल लावून दोन आठवडे त्याच्यावर पहारा दिला. डोळ्यात तेल घालून म्हणतात तसा. स्टॉप तसूभर हलला नाही. मग जाड निघालेल्या लॉटच्या तारखा काढून कागदावर मांडल्या. मी येण्याआधीच्या तारखा कुठल्याही वाराच्या होत्या. मी आल्यानंतरचे पाच लॉट होते आणि पाचही गुरुवारचे. मला वाटलं, सापडलं. गुरुवारी नवीन लोखंड येतं का? नाही. गुरुवारी विजेचा दाब कमी असतो का? नाही. मी देखभालवाल्याला एवढं छळलं की तो मला बघून पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभा राहायला लागला.

एका रात्री जेवताना मी वैतागून म्हटलं की गुरुवारी त्या मशीनला काय धाड भरते कळत नाही. बाबा ताटातून डोकंही वर न काढता म्हणाले, "सोपं आहे. गुरुवारी तू नसतेस ना."

गुरुवार माझा कॉलेजचा दिवस. गाइडला भेटायचा. बाबा आपल्याच विनोदावर खूश होऊन पुढचा घास घेत होते, आणि मी हातातला घास ताटात परत ठेवला. जाड लॉट सुरू झाले तेव्हा काय झालं होतं तेही मला माहीत होतं. माझ्या आधीचा शिकाऊ मुलगा सोडून गेला होता. तोही चार नंबरवर होता. त्याचाही मास्तर हात बसवत होते.

दुसऱ्या दिवशी मी एक गोष्ट केली, तिची मला अजून लाज वाटते. पहिला पीस आला पस्तीस सेहेचाळीस, म्हणजे अजून कातायचा होता. मी मायक्रोमीटर मास्तरांच्या नाकासमोर धरला आणि म्हटलं, पस्तीस वीस. मास्तर त्याकडे बघून म्हणाले, पस्तीस वीस, आणि त्यांनी शिक्का उचलला. मी घाईने म्हटलं, थांबा, चुकलं माझं, पुन्हा बघते. तर म्हणाले, सावकाश वाच गं, घाई कसली. एवढ्या मायेने म्हणाले की मला जमिनीने गिळावं असं झालं. बिचारे ताकाला जाऊन भांडं लपवत होते आणि मी ते भांडं ओढून बघितलं होतं.

मग मी कुणालाही काही बोलले नाही. शहाणपणा केला, दुसरं काय. गाइडला सांगितलं की कंपनी गुरुवारी सोडत नाही, आणि गुरुवारीही कामावर जायला लागले. सहा दिवस बस, सहा दिवस बूट, सहा दिवस पस्तीस वीस. लाल चिठ्ठ्या बंद झाल्या. मॅडमनी विचारलं, काय केलंस. मी म्हटलं, अजून बघतेय. मास्तर खुशीत होते, शीळ घालायला लागले होते. मी मनात हिशेब मांडला की माझे अजून तीन महिने, पुढे दुसरा कुणीतरी येईल, त्याचाही हात बसवतील. मी एवढी दमलेली होते की हा हिशेब मला पटला.

आणि मग कॉलेजने तोंडी परीक्षा लावली. गुरुवारी. हजर राहणं सक्तीचं. मी मास्तरांना आदल्या दिवशीच सांगितलं की उद्या मी नाही. ते म्हणाले, जा की, मी काय कुक्कुलं बाळ आहे.

शुक्रवारी सकाळी मी हजेरी लावत होते तेव्हा तो आवाज झाला. ग्राइंडिंगवर मावशी असायच्या, बावीस वर्षं त्याच मशीनवर, आम्ही सगळे त्यांना मावशीच म्हणायचो. त्यांनी गुरुवारच्या लॉटमधला पहिला शाफ्ट लावला आणि चाक पुढे सोडलं. शाफ्ट अर्धा मिलिमीटर जाड. चाक अलगद टेकण्याऐवजी आदळलं आणि फुटलं. लोखंडी आवरणाने बरेचसे तुकडे अडवले. एक तुकडा फटीतून निघाला आणि मावशींच्या डोक्यावरच्या दिव्याची काच घेऊन गेला. मी धावत गेले तर मावशी जमिनीवर पाय पसरून बसल्या होत्या आणि पाणी मागत होत्या. ग्लास दिला तर हातात ठरेना. मीच तो त्यांच्या तोंडाला लावला. त्या म्हणत होत्या, काही नाही झालं, काही नाही झालं, आणि दातांवर ग्लास वाजत होता. लॉटच्या कार्डावर मास्तरांचा शिक्का होता, शेजारी एका फिटरची सही. त्याने नेहमीप्रमाणे न बघता ठोकलेली.

मास्तर हात धुवायच्या नळावर सापडले. साबण लावत होते, लावतच होते.

"मास्तर, डोळ्यांना काय झालंय?"

नळ बंद न करताच ते म्हणाले, "मधलं गेलंय. कडेचं दिसतं. तुझ्या चेहऱ्याच्या जागी धुकं आहे. कान मात्र छान दिसतात."

दोन-एक वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे परत येत नाही आणि याला चष्माही नाही. कंपनीच्या वार्षिक तपासणीचा तक्ता कित्येक वर्षं तोच होता, तो त्यांना तोंडपाठ होता. हे सांगताना त्यांना थोडं हसू आलं. मला नाही आलं. मला इतका राग आला होता की माझा आवाज फाटला. मी म्हटलं, मास्तर, मावशी गेल्या असत्या.

"हो," ते म्हणाले. "रात्रभर मनात येत होतं की तो पीस जड वाटला. पण म्हटलं, असेल."

मग ते माझ्याकडे वळले, म्हणजे माझ्या कानाकडे, आणि त्यांनी मागितलं. चौदाचे अकरा राहिलेत म्हणाले. परीक्षा झाली ना, आता तू रोजच आहेस. तुझ्यानंतर कुणीतरी येईलच. "मी आजवर कुणाकडे काही मागितलं नाही गं. घरी मी भिंत धरून चालतो. इथे मला काहीच धरावं लागत नाही."

मी तिथून निघून आले. माझे बाबा त्या जागी असते तर मी कुणाच्या पाया पडले असते याचा विचार मनात येत होता आणि तो मी ढकलत होते.

डब्याच्या सुट्टीत मावशींनी मला कोपराला धरून स्टोअरमागे नेलं. जीभ आता जाग्यावर आली होती. म्हणाल्या, तुझ्या तोंडावरून दिसतंय तू काय करणार आहेस, तर करू नकोस. मग मला कळलं की त्या पाळीत हे माझ्या आधीपासूनच सगळ्यांना माहीत होतं. नऊ माणसं. स्टोअरवाला टूल नेहमी एकाच क्रमाने मास्तरांच्या हातात ठेवायचा. क्रेनवाला त्यांच्याजवळून जाताना खाकरायचा. मावशी चार नंबरचा प्रत्येक शाफ्ट लावायच्या आधी स्वतः मोजायच्या आणि जाड असला तर शेजारच्या लेथवाल्याकडून गुपचूप कातून घ्यायच्या. लाल चिठ्ठ्या फक्त दुसऱ्या पाळीकडून यायच्या. मॅडमना तेवढं कळू दिलं नव्हतं.

"आज मोजायचं राहिलं," मावशी म्हणाल्या. "नातवाला ताप होता, डोकं जाग्यावर नव्हतं. चूक माझी, त्याची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. अकरा महिने झाकून ठेव."

मी म्हटलं, मावशी, तुमचा जीव गेला असता. त्या म्हणाल्या, माझा जीव आहे, मी बघेन.

मग मी विचारलं, "आणि दुसऱ्या पाळीच्या त्या पोराचा? त्याला कुणी सांगितलंय?"

तो पोरगा सात महिन्यांपूर्वी लागलेला, स्वभावाने घाबरट, म्हणून प्रत्येक शाफ्ट मोजून घ्यायचा आणि म्हणून वाचला होता. इतक्या सगळ्यांनी मिळून मास्तरांना सांभाळलं होतं आणि ज्याच्या छातीसमोर ते चाक फिरत होतं त्याला कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं. आणि मीसुद्धा बोलले नव्हते. नऊ जणांनी रोज सांभाळायचं आणि एकाने एकदा विसरायचं, एवढंच पुरतं. मावशींनी माझं कोपर सोडलं आणि जाताना म्हणाल्या की तुला काय, तू तीन महिन्यांत जाशील, त्याचं तोंड आम्हाला बघायचंय. ते खरंच होतं.

शनिवार-रविवार मी तो अहवाल लिहिला. आधी लिहिलं, मापनातील मानवी घटक. छान वाटलं, कुणालाच लागत नव्हतं. मग डोळ्यासमोर मॅडम आल्या, विचारत होत्या की कुठला मानव. तो कागद फाडला. दुसऱ्यांदा लिहिलं की प्रकाश अपुरा आहे. तेही फाडलं. आई दोनदा येऊन बघून गेली आणि मग तिने न विचारता माझ्या केसांतला लोखंडाचा चुरा काढायला घेतला. मी तिला सगळं सांगितलं. तिने काही सल्ला दिला नाही. एवढंच म्हणाली की आधी त्यांना सांग, मग कागद दे. मागून वार नको.

सोमवारी सकाळी मी मास्तरांना सांगितलं. ते लेथचं चाक फडक्याने पुसत होते. ऐकून घेतलं, फडकं घडी करून ठेवलं आणि मशीन सुरू केलं. पहिला पीस झाला तेव्हा माझ्याकडे हात न करता त्यांनी फिटरला हाक मारली. फिटरने वाचलं. मी शेजारी उभी होते, रिकामी. तीन महिन्यांत पहिल्यांदा मला त्या मशीनपाशी रडू आलं, तर मी जाऊन बाथरूममध्ये रडून आले आणि तोंड धुऊन मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

मॅडमनी अहवाल वाचला. दोन पानंच होती, पण त्यांना बराच वेळ लागला. मग गळ्यातले बोळे काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, मला हे काम कुणी शिकवलं माहीत आहे ना तुला. मी मान हलवली. त्या म्हणाल्या, हे तोंडी असतं तर मी काही ऐकलंच नाही म्हणाले असते. लेखी आहे म्हटल्यावर मला आजच करावं लागेल. कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला.

"परत नेणार असशील तर आत्ता ने. पत्रावर मी तरीही सही करीन."

मी म्हटलं, नाही. इतकं बारीक म्हटलं की त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मला ते दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

मास्तरांना बोलावलं. ते हात धुऊन, शर्टाची बटणं लावून आले. खुर्ची कुठे आहे ते पायाने चाचपून घेतलं. मॅडमनी दोन्ही पानं मोठ्याने वाचून दाखवली. मी स्वतःचे शब्द ऐकत होते आणि प्रत्येक वाक्य मला खरं वाटत होतं आणि नकोसं वाटत होतं. मास्तरांनी फक्त एकदा थांबवलं. दोन वर्षं दिसत नाही असं लिहिलंय तिथे अडीच करा म्हणाले, नाहीतर चुकीचं जाईल. मॅडमनी पेनने दुरुस्ती केली.

शेवटी मॅडम म्हणाल्या की उद्यापासून चार नंबरवर तुम्ही नाही. पुढे काय, ते वरच्यांशी बोलून ठरवू, पण मशीनवर नाही. मास्तर बरं म्हणाले. त्या म्हणाल्या, हे तुम्हाला वाचून दाखवलं म्हणून खाली सही लागेल, इथे शिक्का चालत नाही. त्यांनी कागद मास्तरांसमोर ठेवला, पेन हातात दिलं, आणि उठून आमच्याकडे पाठ करून काचेतून खाली मशीनांकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांच्या खांद्यांवरून मला कळत होतं, पण मी तिकडे बघितलं नाही.

मास्तरांनी मान तिरकी केली, कागद जवळ घेतला, लांब धरला. मग पुन्हा टेबलावर ठेवला.

"कॉलेज," ते म्हणाले, "कुठे करायची ते दाखव."

मी त्यांचं बोट धरलं. अंगठ्याएवढं जाड, नळाच्या पाण्याने गार पडलेलं. ते सहीच्या रेघेवर नेऊन ठेवलं. त्यांनी दुसऱ्या हाताने पेन त्या बोटाशी आणून टेकवलं आणि पूर्ण नाव लिहायला सुरुवात केली, एकेक अक्षर, शाळेतल्या मुलासारखं दाबून. चौथ्या अक्षरापासून सही खाली घसरली. आडनाव पार खालच्या छापील मजकुरावर गेलं.

त्यांनी पेन उचललं आणि विचारलं, "रेघेवर आली ना?"

"आली," मी म्हटलं.